अलक्ष्मी गेली कुठे?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपल्याकडे एका अगदी साध्या वस्तूला देव्हाऱ्याचा मान मिळतो. बाजारातून नवी केरसुणी येते, तिच्यावर पाण्याचा शिंतोडा पडतो, हळदकुंकू वाहिले जाते, आणि वर्षभर दाराआड उभी राहणारी ती गरीब बिचारी त्या रात्रीपुरती लक्ष्मी होऊन बसते. काही घरांत मध्यरात्र उलटल्यावर आणखी एक विधी असतो. घरची बाई सूप वाजवीत खोल्याखोल्यांतून फिरते आणि अलक्ष्मीला हाकलून लावते. कोकणात आमच्या आजोळी मी तो लहानपणी पाहिला आहे. मामी सूप बडवीत माजघरातून ओटीवर, ओटीवरून अंगणात आणि अंगणातून थेट बेड्यापर्यंत गेली. मी डोळे चोळीत तिच्यामागे.

"मामी, ती गेली कुठे?"

"गेली हो कुठेतरी! तू झोप बघू आता."

बेड्यापलीकडे गडगा होता आणि गडग्यापलीकडे दुसऱ्या कुणाची तरी वाडी होती. मामीचे ते 'कुठेतरी' मला पुढे फार वर्षे पुरले. घर स्वच्छ ठेवण्याची सवय आपल्याला नाही असे कोण म्हणेल? स्नान, सोवळे, सडासंमार्जन यांत आपला हात धरणारा समाज विरळाच. परंतु आपली ही स्वच्छता बेड्यापाशी येऊन थांबत असे. पुढचे ते 'कुठेतरी'. त्या 'कुठेतरी'चा पत्ता शोधण्यात गेल्या शंभर वर्षांत काही माणसांनी आपली आयुष्ये घातली. त्यांची ही हकीकत आहे. फराळाच्या ताटाशेजारी हा विषय काढल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण फराळ करून झाल्यावर वाचला तरी चालेल.

जुन्या काळी खेड्यातला माणूस पहाटे टमरेल घेऊन शेताकडे जाई, आणि शहरात टोपलीचा संडास असे. शेतातल्या घाणीची वासलात ऊन, पाऊस आणि डुकरे लावीत. शहरातली टोपली डोक्यावरून वाहून नेण्याचे काम एका जातीच्या माथी मारून दिलेले होते. त्या माणसांनी मागल्या दाराने यावे, मागल्या दाराने जावे, आणि ज्यांची घाण वाहिली त्यांनीच त्यांचा विटाळ मानावा, अशी ती व्यवस्था होती. घाण करणारा शुद्ध आणि ती उचलणारा अशुद्ध, हे गणित आपल्या वाडवडिलांना कसे सुटले, देव जाणे!

हे गणित पुसून टाकण्याचा पहिला मोठा प्रयत्न गांधीजींनी केला. १९०१ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाला ते गेले, तेव्हा तिथल्या संडासांची अवस्था त्यांना पाहवेना. स्वयंसेवकाला सांगितले, तर हे काम आपले नव्हे असे उत्तर आले. तेव्हा त्यांनी झाडू मागून घेतला आणि स्वतःपुरती सफाई स्वतः केली. पुढे १९१० साली दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म उभा राहिला. तिथे माणसांची गर्दी असूनही केरकचरा दिसत नसे, कारण तो चर खणून पुरला जाई आणि मैल्याचे खत होई. पुअर नावाच्या एका इंग्रज डॉक्टरचे म्हणणे गांधीजींना पटले होते. मैला फार खोल पुरू नये, नऊ ते बारा इंचांपर्यंतच पुरावा. जमिनीच्या वरच्या थरात असंख्य सूक्ष्म जीव असतात, ते हवेच्या आणि उजेडाच्या साहाय्याने त्याची माती करून टाकतात, असे ते म्हणणे. खोल पुरला तर कुजतो, उघडा टाकला तर माश्यांचे फावते. वीतभर मातीखाली मात्र त्याचे सोने होते. आपल्या शेतकऱ्याने त्याला सोनखत हे नाव फार पूर्वीच दिले होते. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दैव पालटते म्हणतात. इथे काही महिन्यांतच पालटत होते.

१९१७ साली चंपारणात हा धडा खेड्यात नेण्याची वेळ आली. तिथल्या शाळा चालवायला महाराष्ट्रातून माणसे गेली. मुंबईच्या अवंतिकाबाई गोखले होत्या, पुण्याच्या आनंदीबाई वैशंपायन होत्या, डॉक्टर देव होते. मुलांना अक्षरे शिकवायची, विहिरी उपसायच्या, रस्ते झाडायचे आणि एरंडेल, क्विनीन व गंधकाचे मलम एवढ्या तीन औषधांवर दवाखाना चालवायचा, असा कार्यक्रम होता. भितिहरवा नावाच्या खेड्याजवळच्या एका लहान खेड्यातल्या बायकांची लुगडी फार मळलेली दिसली, म्हणून गांधीजींनी कस्तुरबांना विचारपूस करायला सांगितले. एका बाईने कस्तुरबांना झोपडीत नेले आणि दाखवले की इथे पेटी नाही, कपाट नाही, अंगावर आहे तेवढे एकच लुगडे आहे. ते धुवायचे तर नेसायचे काय? दुसरे मिळवून द्या, मग रोज नाहीन आणि रोज धुतलेले नेसेन, असे ती म्हणाली. गांधीजींनी ही आठवण आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे. चांगल्या सवयींवर व्याख्यान देणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी. सवय लागत नाही याचा अर्थ माणूस आळशी आहे असा दर वेळी होत नाही. पुष्कळदा त्याच्याजवळ दुसरे लुगडेच नसते.

महाराष्ट्रात मात्र उपदेशाआधी झाडू हे सूत्र एका निरक्षर माणसाने आपल्याच वाटेने शोधून काढले होते. १८७६ साली अमरावतीकडच्या शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा चिंध्यांचे कपडे घालून, हातात गाडगे घेऊन गावोगाव हिंडत. गावात शिरले की पहिल्याने खराटा हातात. दिवसभर रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. कीर्तन कसले, ती प्रश्नोत्तरेच. ते विचारीत, लोक उत्तर देत, आणि उत्तर देता देता आपण सापडलो हे लोकांच्या ध्यानात येई. पण त्या प्रश्नांना धार आली होती ती दिवसा झाडलेल्या रस्त्यामुळे. १९५६ च्या डिसेंबरात बाबा गेले. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान महाराष्ट्र सरकारने २०००-०१ साली सुरू केले, तेव्हा पुष्कळ गावांनी खरोखरच खराटे हाती धरले.

एका दिवसाचा खराटा मात्र सोपा असतो. रोजचा कठीण. त्याची परीक्षा विनोबांनी पाहिली. १९४६ पासून ते पवनारहून रोज सकाळी खांद्यावर फावडे टाकून सुरगाव नावाच्या खेड्यात जात आणि उघड्यावरचा मैला उचलून मातीआड करीत. किती दिवस करणार? त्यांनी मनाशी वीस वर्षांचा हिशेब धरला होता. मोठ्यांच्या सवयी बदलतील असा त्यांचा भरवसा नव्हता. आजची मुले मोठी होतील तेव्हा काही बदल दिसेल, आणि त्याला एक पिढी लागणारच. एकदा पावसाळ्यात वाटेतल्या पाण्याला पूर आला. अलीकडच्या काठावर उभे राहून त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारली आणि निरोप दिला, तोही गावातल्या देवाला: गावचा भंगी आला होता, पुरामुळे त्याला पलीकडे येता आले नाही, एवढे देवळात जाऊन सांग. या निरोपात नम्रता आहेच, पण हजेरीही आहे. सवय म्हणजे अखेर काय? ज्या दिवशी काम होऊ शकत नाही त्या दिवशीही काठापर्यंत जाऊन येणे.

विनोबांचा हा क्रम पावणेदोन वर्षांच्या आसपास चालला. १९४८ च्या जानेवारीत गांधीजींचा खून झाला आणि विनोबांना बाहेर पडावे लागले. वीस वर्षांचा हिशेब अपुरा राहिला. तो पुरा झाला तर काय होते, हे पाहण्यासाठी आपल्याला पुन्हा कोकणात आणि तिथून देहूला जावे लागेल.

कोकणातले ते गृहस्थ म्हणजे सीताराम पुरुषोत्तम ऊर्फ अप्पासाहेब पटवर्धन. १९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात राजबंदी होते. तुरुंगात मैला उचलण्याचे काम ठराविक जातीच्या कैद्यांकडेच असे. अप्पांनी ते काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. ब्राह्मण कैद्याला हे काम देता येत नाही, असा नियम पुढे आला. अप्पांनी अन्न कमी केले. ही बातमी येरवड्याला पोचली, आणि सप्टेंबरातल्या उपोषणातून नुकते उठलेले गांधीजी ३ डिसेंबरला अप्पांसाठी पुन्हा उपवासाला बसले. सरकारला फेरविचाराचे आश्वासन द्यावे लागले आणि उपवास दुसऱ्या दिवशी सुटला. जगाच्या इतिहासात हक्कांसाठी पुष्कळ लढे झाले आहेत. मैला उचलण्याच्या हक्कासाठी झालेला असा लढा विरळाच म्हटला पाहिजे.

अप्पा तेवढ्यावर थांबले नाहीत. उच्चवर्णीयाने टोपली उचलली म्हणून टोपली काही नाहीशी होत नाही, हे त्यांनी ओळखले. टोपलीच नको असा संडास हवा. १९४८ साली कणकवलीजवळ वागदे येथे त्यांनी गोपुरी आश्रम काढला. तिथे मेलेल्या जनावरांचे कातडे कमावणे, खत करणे, शेण आणि मैल्यापासून गॅस करणे असे प्रयोग चालत. त्या आश्रमाच्या नावाने ओळखला जाणारा गोपुरी संडास तत्त्वाने अगदी साधा आहे. वापर झाला की वर राख, माती, पाचोळा टाकायचा. एक कप्पा भरला की तो मिटवून दुसरा वापरायला घ्यायचा. पहिला उघडायची वेळ येईतो त्याची माती झालेली असते. राखेने ओल आणि वास कमी होतो, पाचोळ्याने खत भुसभुशीत होते, माशीला वाव राहत नाही, पाणी फारसे लागत नाही. मुख्य म्हणजे दुसऱ्या माणसाच्या डोक्याची गरज राहत नाही. आजच्या भाषेत याला पर्यावरणाचे रक्षण म्हणतील. अप्पांच्या लेखी तो जातिभेदाचा निकाल होता.

आता देहू. १९५९ च्या सुमारास तुकोबांच्या या गावी सुहास मापुसकर नावाचे तरुण सरकारी डॉक्टर आले. पोटाचे तेच तेच विकार घेऊन लोक पुन्हा पुन्हा दवाखान्यात येत. औषधाने जंत पडत, आणि अनवाणी पाय पुन्हा त्याच जमिनीवर पडत. अंकुशकृमीचे पिल्लू मैल्याच्या ओल्या मातीत वाढते आणि तळपायाच्या कातडीतून शरीरात शिरते. दवाखाना पुढच्या दाराने रोग काढीत होता आणि गाव मागल्या दाराने तो परत आणीत होते. डॉक्टरांनी लोकांचे मन वळवून काही घरी संडास बांधवले. पावसाळा आला आणि खड्डे ढासळले! लोक चिडले यात नवल नाही. पदरचा पैसा गेला, फजिती झाली, आणि नव्या गोष्टीवरचा विश्वास उडाला. दुसरा कुणी असता तर खेडूत सुधारत नाहीत असा शेरा मारून बदली मागता. मापुसकरांनी दोष लोकांना दिला नाही, खड्ड्याला दिला. इथली माती कशी आहे, पाऊस किती पडतो, बांधणी कशी टिकेल याचा त्यांनी नव्याने अभ्यास केला आणि पुन्हा घरोघर गेले. अप्पासाहेबांच्या कामाचा धागा त्यांनी उचलला आणि मैल्यापासून गॅस देणारे संडासही उभारले. १९८० च्या सुमारास देहूत बहुतेक घरी संडास झाले होते. म्हणजे हिशेब पुन्हा वीस वर्षांचाच! पुढे त्यांनी अप्पांच्याच नावाने सफाईचे शिक्षण देणारी संस्था चालवली. २०१५ साली ते वारले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

या सगळ्या माणसांच्या हकिकती शेजारी शेजारी ठेवल्या की सवय कशी घडते याचे एक उत्तर हाती येते. सांगणाऱ्याने आधी स्वतः करावे, हे गाडगेबाबांचे. रोज करावे आणि घाई करू नये, हे विनोबांचे. ज्याच्याजवळ दुसरे लुगडे नाही त्याला आधी लुगडे द्यावे, हे त्या भितिहरव्याजवळच्या बाईचे. खड्डा ढासळला तर खड्डा सुधारावा, हे मापुसकरांचे. आणि आपली घाण दुसऱ्याच्या दारात किंवा दुसऱ्याच्या डोक्यावर जात असेल, तर तिला स्वच्छता म्हणू नये, हे अप्पांचे. यांतले शेवटचे सर्वांत अवघड आहे.

कारण 'कुठेतरी' अजून संपलेले नाही. डोक्यावरची टोपली कायद्याने गेली. १९९३ साली एक कायदा झाला, २०१३ साली त्याहून कडक दुसरा झाला. तरीही गटारे आणि टाक्या साफ करायला उतरलेली माणसे गुदमरून मरतात, आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानात ती बातमी चार ओळींत आटोपते. आपण साखळी ओढतो, दहा लिटर पिण्याजोगे पाणी खळाळत जाते, आणि मैला 'कुठेतरी' जातो. पुष्कळ ठिकाणी हे 'कुठेतरी' म्हणजे नदीच असते. घरातला ओला आणि सुका केर एकाच डब्यात कोंबून दाराबाहेर ठेवतो, तेव्हा तो वेगळा करायला कुणाची तरी बोटे लागतात. फुटक्या काचेसकट.

परवा आमच्या घरी दिवाळीची झाडलोट चालली होती. नातीने केर भरला आणि विचारले, "आजोबा, हा कुठे टाकू?" मी सवयीने म्हणणार होतो, "टाक कुठेतरी." मामीची आठवण झाली आणि जिभेशी आलेला शब्द परत गेला. आम्ही दोघे परसात गेलो. निर्माल्य, भाज्यांची देठे आणि पाचोळा खड्ड्यात टाकला आणि वर दोन घमेली माती ओढली. काचेचा तुकडा कागदात गुंडाळून वेगळा ठेवला. पाच मिनिटांचे काम. उद्या पुन्हा करावे लागेल, आणि परवाही.

लक्ष्मीपूजनाला केरसुणीवर हळदकुंकू वाहताना तिलाच एकदा विचारून पाहावे, की बाई, तू अलक्ष्मीला नेतेस ती कुठे? तिचे उत्तर ऐकण्याचे धैर्य ज्या घरात असेल, त्या घरी लक्ष्मी पाडव्यानंतरही राहील.