डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज

डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या रिव्हरसाइड काउंटीमधील एक वाळवंटी शहर. लोकसंख्या ३२,५१२ (२०२०). कोचेला खोऱ्याच्या उत्तर कडेला, समुद्रसपाटीपासून सु. ३३० मी. उंचीवर, लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सु. १७५ किमी.वर ते वसले आहे. येथून वीसेक मिनिटांच्या मोटारप्रवासावर दक्षिणेस पाम स्प्रिंग्ज हे विख्यात विश्रांतिस्थळ आहे (लोकसंख्या ४४,५७५–२०२०). डेझर्ट हॉट स्प्रिंग्जची ख्याती दोन कारणांनी आहे : जमिनीखालचे, गंधकाचा वास नसलेले गरम पाणी आणि शेजारच्या श्रीमंत नगरीच्या मानाने परवडणारी घरे. पर्यटकांच्या पुस्तिकांत पहिलेच कारण ठळकपणे सांगितलेले असते. येथील बहुसंख्य कुटुंबांचे जीवन मात्र दुसऱ्या कारणाने घडले आहे.

स्थान व भूरचना : शहराच्या उत्तरेस व ईशान्येस लिटल सॅन बर्नार्डिनो ही उघडीबोडकी डोंगररांग असून तिच्या पलीकडे जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान पसरले आहे. पश्चिमेकडे सॅन गॉर्गोनिओ (३,५०६ मी.) आणि सॅन जसिंटो (३,३०२ मी.) या दोन उत्तुंग शिखरांच्या मधे सॅन गॉर्गोनिओ खिंड आहे. उन्हाने खोऱ्यातील हवा तापून वर चढली, की पॅसिफिककडची थंड, जड हवा या अरुंद खिंडीतून वेगाने आत शिरते. वसंत ऋतूत व उन्हाळ्याच्या सुरुवातीला हा वारा विशेष जोराचा असतो. १९८०च्या दशकापासून खिंडीच्या तोंडाशी पवनचक्क्यांची रानेच उभी राहिली आहेत.

या वाऱ्यानेच दोन शहरांचे भाग्य वेगवेगळे केले. पाम स्प्रिंग्ज सॅन जसिंटोच्या पायथ्याशी, त्याच्या आडोशाला आहे. डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज वाऱ्याच्या वाटेवर आहे. वाऱ्याबरोबर उडणाऱ्या वाळूने मोटारीचा रंग खरवडला जातो, समोरच्या काचेवर बारीक ओरखडे उमटतात, दाराखिडक्यांच्या फटींतून धूळ घरात येते. आडोशाच्या जमिनीला भाव आला आणि उघड्यावरची जमीन स्वस्त राहिली.

सॅन अँड्रिआस या भूपट्टसीमेवरील विभंगाची मिशन क्रीक ही शाखा शहराखालून जाते. विभंगातील घासून बारीक झालेला खडक भूजलाला बांधासारखा अडवतो. त्यामुळे विभंगाच्या ईशान्येस गरम पाण्याचा, तर नैर्ऋत्येस पिण्याजोग्या थंड पाण्याचा साठा आहे. खोलवर मुरून तापलेले पाणी विभंगालगत वर येते. काही विहिरींत त्याचे तापमान ६०° से.पेक्षाही जास्त भरते. ज्या विभंगाने हे पाणी दिले, त्याच भागातील भूकंपांचा धोकाही शहराच्या वाट्याला आला. १९४८, १९८६ व १९९२ मध्ये सु. ६ प्रतीचे भूकंप शहराच्या परिसरात झाले.

हवामान : पाऊस वर्षाला जेमतेम १२ ते १५ सेंमी. पडतो. हिवाळा आल्हाददायक असतो. कॅनडातून व अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतून थंडी टाळण्यासाठी येणारे निवृत्त लोक नोव्हेंबर ते एप्रिल या काळात खोऱ्यात मुक्काम करतात. जुलैमध्ये दिवसाचे कमाल तापमान सरासरी ४२° से.च्या आसपास असते. ५ जुलै २०२४ रोजी पाम स्प्रिंग्ज येथे ५१.१° से. या विक्रमी तापमानाची नोंद झाली. डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज अधिक उंचीवर असल्याने तेथे उष्मा किंचित कमी असतो.

इतिहास : खोऱ्याचे मूळ रहिवासी काहुइया लोक असून येथील उष्ण झरे त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. १९१३ मध्ये कॅबट यर्क्सा हा वसाहतकार सरकारी योजनेतून १६० एकर जमीन मिळवून येथे राहिला. पाण्यासाठी त्याने कुदळ-फावड्याने विहीर खणली, तेव्हा गरम पाणी लागले. तेथून थोड्याच अंतरावर खणलेल्या दुसऱ्या विहिरीला थंड पाणी मिळाले. विभंगाच्या दोन बाजूंचे रहस्य असे उघड झाले. १९४०च्या दशकात त्याने टाकाऊ लाकूड, जुने खिळे व माती वापरून होपी या मूळ अमेरिकी जमातीच्या घरांच्या धर्तीवर अनेकमजली घर बांधले. ३५ खोल्या व १५० खिडक्या असलेले हे घर ‘कॅबट्स प्वेब्लो म्युझियम’ या नावाने आज शहराचे मुख्य प्रेक्षणीय स्थळ आहे.

१९४१ मध्ये एल. डब्ल्यू. कॉफी याने स्नानगृह सुरू करून व भूखंड पाडून गावाची स्थापना केली. गरम पाण्याची कुंडे असलेली लहान लहान मोटेले हा गावाचा पहिला उद्योग होय. त्यांपैकी जॉन लॉटनर या वास्तुशिल्पज्ञाने आराखडा केलेले १९४७ चे मोटेल आधुनिक वास्तुकलेचा नमुना म्हणून गणले जाते. १९६३ मध्ये गावाला स्वतंत्र नगरपालिका मिळाली.

पाम स्प्रिंग्जशी नाते : पाम स्प्रिंग्ज १९३८ मध्ये नगरपालिका झाले. हॉलिवूडचे नटनट्या तेथे विश्रांतीसाठी येत, घरे बांधत. पुढे गोल्फ मैदाने, हॉटेले आणि अधिवेशने यांवर तेथील अर्थव्यवस्था उभी राहिली. हॉटेलांतील खोल्या आवरणारे, स्वयंपाकी, वाढपी, माळी, पोहण्याचे तलाव साफ करणारे, वृद्धांची शुश्रूषा करणारे असे हजारो हात त्यासाठी लागतात. त्यांनी राहावे कोठे, हा प्रश्न खोऱ्यात जुना आहे.

पाम स्प्रिंग्जच्या मध्यभागी ‘सेक्शन १४’ नावाचा एक चौरस मैलाचा भूभाग अग्वा कालिएंते या काहुइया जमातीच्या मालकीचा आहे. अन्यत्र घर मिळणे दुरापास्त असलेली कृष्णवर्णीय व मेक्सिकन वंशाची श्रमिक कुटुंबे तेथे राहत. १९५०–६०च्या दशकांत त्यांना हुसकावून लावण्यात आले; त्यांची घरे पाडली व जाळली गेली. २०२४ मध्ये पाम स्प्रिंग्ज नगरपरिषदेने या कुटुंबांसाठी व त्यांच्या वारसांसाठी सु. ५९ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. श्रमिकांनी शहरात काम करावे, पण वस्ती दुसरीकडे करावी, ही रचना केवळ बाजारभावाने आलेली नाही. तिच्यामागे सार्वजनिक निर्णयही आहेत, हे या प्रकरणावरून स्पष्ट होते.

घरे व राहणीखर्च : येथील साधे एकमजली घर साधारणतः पाम स्प्रिंग्जमधील तशाच घराच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश किमतीला मिळते. भाड्यातही लक्षणीय तफावत असते. त्यामुळे शहराची लोकसंख्या झपाट्याने वाढली : २००० मध्ये १६,५८२, २०१० मध्ये २५,९३८ आणि २०२० मध्ये ३२,५१२. निम्म्याहून अधिक रहिवासी लॅटिन अमेरिकी वंशाचे आहेत. त्यांच्याबरोबर लॉस एंजेलिस परिसरातील महागाईने बाहेर पडलेली कुटुंबे व बेताच्या निवृत्तिवेतनावर जगणारे वृद्ध येथे दिसतात.

अनेक वृद्धांचा निवारा म्हणजे ‘मोबाइल होम पार्क’. या वसाहतींत कारखान्यात तयार करून आणून बसवलेले घर रहिवाशाच्या मालकीचे असते, पण त्याखालची जागा बहुधा भाड्याची असते. घर विकत घेतले तरी जागेचे भाडे दरमहा द्यावेच लागते आणि ते वाढले तर घर हलवणे सोपे नसते.

घराच्या हप्त्यात किंवा भाड्यात वाचलेल्या पैशाचा मोठा भाग उन्हाळ्यातील विजेच्या बिलात जातो. जुन्या घरांची छपरे व भिंती उष्णता अडवत नाहीत, त्यामुळे वातानुकूलन यंत्र रात्रंदिवस चालू ठेवावे लागते. कोरड्या हवेत पाण्याचा कूलर कमी विजेत चांगला गारवा देतो; परंतु जुलै-ऑगस्टमध्ये मेक्सिकोकडून दमट वारे येऊ लागले, की तो निष्प्रभ ठरतो. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना वीजदरात सवलत मिळते आणि काउंटी सार्वजनिक इमारतींमध्ये दिवसा थंडाव्याची केंद्रे उघडते. ५० अंशांच्या जवळपासच्या उष्म्यात बंद पडलेले यंत्र ही गैरसोय राहत नाही. वृद्धांच्या व बालकांच्या जिवावरचे ते संकट असते. घर घेताना किंवा भाड्याने पाहताना यंत्राचे वय आणि छपराची स्थिती यांची चौकशी आधी करावी, हा येथील व्यवहाराचा पहिला नियम आहे.

पाणी : मिशन स्प्रिंग्ज वॉटर डिस्ट्रिक्ट ही संस्था भूजल उपसून शहराला पुरवते. चवीसाठी या पाण्याला वेस्ट व्हर्जिनियातील बर्कली स्प्रिंग्ज येथे भरणाऱ्या पेयजलाच्या स्पर्धेत बक्षिसे मिळाली आहेत. पावसाने होणारे पुनर्भरण अपुरे असल्याने कोलोरॅडो नदीचे पाणी कालव्यातून आणून शेततळ्यांसारख्या उथळ हौदांत सोडले जाते व जमिनीत मुरवले जाते. जुन्या वस्त्यांतील घरांना सांडपाण्याची नळव्यवस्था नव्हती. शोषखड्ड्यांतील मैलापाण्यामुळे भूजल दूषित होण्याचा धोका होता. ही घरे टप्प्याटप्प्याने गटारयोजनेला जोडण्याचे काम हे शहराच्या दृष्टीने कोणत्याही सुशोभीकरणापेक्षा मोलाचे आहे.

वाहतूक व सेवा : शहर व पाम स्प्रिंग्ज यांच्यामध्ये आंतरराज्य महामार्ग क्र. १०, लोहमार्ग आणि व्हाइटवॉटर नदीचे रुंद वाळवंटी पात्र आहे. पात्र वर्षातील बहुतेक दिवस कोरडे असते. त्यातून जाणारे इंडियन कॅन्यन ड्राइव्ह व जीन ऑट्री ट्रेल हे प्रमुख रस्ते वादळी वाऱ्यात वाळू साचून, तर पावसात पुराने बंद पडतात. मग कामावर जाणाऱ्यांना लांबचा वळसा घ्यावा लागतो. ऑगस्ट २०२३ मधील ‘हिलरी’ वादळात या रस्त्यांबरोबर महामार्गाचा काही भागही बंद झाला आणि पाम स्प्रिंग्जचा संपर्क जवळजवळ तुटला.

सनलाइन ट्रान्झिट एजन्सीच्या बसगाड्या दोन्ही शहरांना जोडतात. हायड्रोजनवर चालणाऱ्या गाड्यांच्या वापरात ही संस्था देशात अग्रेसर मानली जाते. तरीही रात्रपाळी करणाऱ्याला मोटारीवाचून पर्याय नसतो आणि उन्हाळ्यात सावली नसलेल्या थांब्यावर उभे राहणे धोक्याचे असते. शहरात दवाखाने आहेत, पण मोठ्या रुग्णालयासाठी पाम स्प्रिंग्ज गाठावे लागते. शाळा पाम स्प्रिंग्जच्याच संयुक्त शालेय विभागात मोडतात. शहराची स्वतःची माध्यमिक शाळा १९९९ मध्ये सुरू झाली.

नगरपालिकेचे अर्थकारण : हॉटेलांवरील करातून पाम स्प्रिंग्जला मोठे उत्पन्न मिळते. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जकडे मोठी हॉटेले व दुकाने फार थोडी, मालमत्तेच्या किमती कमी. मात्र पोलीस, रस्ते, उद्याने यांची गरज तेवढीच. कमी उत्पन्न गटासाठीच्या एका गृहप्रकल्पाला अडथळा केल्याच्या दाव्यात निकाल विरुद्ध गेल्यावर २००१ मध्ये नगरपालिकेने दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे कर्जरोखे काढून तिने देणी भागवली. २००८च्या सुमाराच्या गृहकर्ज संकटात येथील असंख्य घरे जप्तीत गेली. २०१३ मध्ये पुन्हा आर्थिक आणीबाणी जाहीर करावी लागली.

यातून वाट काढण्यासाठी २०१४ मध्ये शहराने औषधी गांजाच्या मोठ्या प्रमाणावरील बंदिस्त लागवडीला परवानगी दिली. असे करणारे ते दक्षिण कॅलिफोर्नियातील पहिले शहर ठरले. लागवडीच्या क्षेत्रफळावरील व विक्रीवरील करांमुळे नगरपालिकेची घडी सावरली. मात्र राज्यभर या मालाचे उत्पादन वाढून भाव उतरल्यावर एकाच धंद्यावर विसंबण्याचा धोकाही लक्षात आला.

परिसर व लोकजीवन : जोशुआ ट्री उद्यान, २०१६ मध्ये घोषित झालेले ‘सँड टू स्नो’ राष्ट्रीय स्मारक आणि बिग मोरोंगो दरीतील पक्षी हे सारे येथून जवळ आहे. डोंगरउतारावरील गल्ल्यांतून सॅन जसिंटोचे, हिवाळ्यात हिमाच्छादित होणारे शिखर दिसते; त्यासाठी जादा पैसे मोजावे लागत नाहीत. खनिजजलाची कुंडे बहुतेक हॉटेलांच्या आवारात आहेत. त्यामुळे ज्या पाण्यावरून शहर ओळखले जाते, त्यात डुंबण्याचा योग सामान्य रहिवाशाला क्वचितच येतो. या पाण्याचे एखादे परवडणारे सार्वजनिक स्नानगृह ही शहराची रास्त गरज आहे.

मूल्यमापन : पर्यटनावर जगणाऱ्या प्रत्येक प्रदेशाला स्वस्त वस्तीचे गाव लागते. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जने ती गरज अनेक दशके भागवली. येथे हजारो श्रमिक कुटुंबांना स्वतःच्या नावाचे घर, अंगण आणि मुलांसाठी शाळा मिळाली. ही या शहराची मोठी कामगिरी आहे. तथापि येथील स्वस्ताईची किंमत रहिवासी वीजबिल, प्रवास, धूळ आणि अपुऱ्या नागरी सेवा यांच्या रूपाने रोज चुकती करतात. पर्यटनाचे उत्पन्न एका शहराला आणि ते मिळवून देणाऱ्या मनुष्यबळाचा सांभाळ दुसऱ्याला, अशी सध्याची वाटणी आहे. पुरात न तुटणारे पूल, सावलीचे बसथांबे आणि उष्णतारोधक छपरे यांचा खर्च संपूर्ण खोऱ्याने मिळून उचलला, तरच हे शहर खऱ्या अर्थाने परवडणारे म्हणता येईल.