घाटातला दोर आणि लोणावळ्याची झोळी

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लोणावळ्यास स्वतःला उलटे टांगून घेतले. हसू नका. छतास मऊ कापडाची झोळी बांधावयाची, तीत बसून, आडवे होऊन, शेवटी डोके खाली करून आसने करावयाची, असा प्रकार हल्ली निघाला आहे. २००० नंतरच्या दशकात अमेरिकेत तो रूढ झाला आणि फिरत फिरत आमच्या मावळात आला. कामगारांची बैठक दुपारी होती, हाती दोन तास होते, आणि वर्गाच्या ताई ओळखीच्या निघाल्या.

त्यांनी प्रथम रक्तदाब व काचबिंदू यांची चौकशी केली. आम्ही वरचा हूक कोणी तपासला ते विचारले. धंद्याची खोड!

अवघड काम उलटे होण्याचे नव्हे, हात सोडण्याचे. कापड कंबरेखाली नीट बसले आणि पायांनी दोन्ही पट्ट्यांना वेढा घातला की माणूस पडत नाही, हे बुद्धीस कळते. मुठीस कळत नाही. ताई तीनदा म्हणाल्या, "काका, हात सोडा." चौथ्यांदा सुटले. खिशातली नाणी चटईवर पडली. कंबरेचा ताण मात्र खरोखर सैल झाला.

यात कापड तेवढे नवे. दुसऱ्या बाजीरावाचे गुरू बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांब पुन्हा नावारूपास आणला. पुढे टांगता वेत आला, वेताच्या जागी दोर आला. पुण्यात अय्यंगार गुरुजींनी भिंतीच्या दोरांवर आसने शिकविली. आणि खुद्द लोणावळ्यात १९२४ साली कैवल्यधाम काढणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी शीर्षासनात रक्तदाब किती चढतो हे यंत्र लावून मोजले. योगाला मोजपट्टी लावणारा हा माणूस आम्हांस फार आवडतो.

पण उलटे लोंबकळताना आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला तो बोरघाट. तेथला रेल्वेमार्ग १८५६ मध्ये हाती घेतला आणि १८६३ मध्ये खुला झाला. बोगदे पंचवीस. १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांवर माणसे एकाच वेळी कामावर होती. कड्यावर पाऊल टेकण्यास जागा नसे, तेथे माथ्यावरून माणसांना दोराने खाली सोडीत. लोंबकळत त्यांनी पहारीने भोके पाडावयाची, सुरुंगाची दारू ठासावयाची. आमच्यासारखे "हात सोडा" त्यांना कोणी म्हणत नसे. हात कामातच गुंतलेले असत. वर दोर धरणाऱ्यावर जीव. पटकीने माणसे मेली ती वेगळीच.

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून तेथे दंगा झाला. ट्रेड युनियन कायदा येण्यास तेव्हा ६७ वर्षे अवकाश होता. आम्ही स्वतः शाळा फारशी पाहिली नाही. हे सारे जुन्या पुस्तकांतून वेचून शिकलो, आणि दरवेळी एकाच जागी अडतो. त्या साली फॅव्हिएल या ठेकेदाराने काम सोडले, सॉलोमन ट्रेडवेल आला, थोड्याच दिवसांत वारला, मग ठेका त्याची पत्नी ॲलिस हिने चालविला. ही नावे सापडतात. दोरावरच्या माणसाचे एकही नाव आम्हांस अजून सापडलेले नाही. आज गाडी बोगद्यांतून जाते तेव्हा डब्यातली पोरे अंधारात आरोळ्या ठोकतात. आम्हीही लहानपणी ठोकल्या.

त्या कामावर बायका-मुलेही होती. तान्ही पोरे झाडाच्या झोळीत निजत असणार. हे आम्ही अंदाजाने म्हणतो, पण अगदी वाऱ्यावरचे नाही: आमची आई रस्त्यावर खडी फोडी, आणि आम्ही बाभळीला बांधलेल्या तिच्या लुगड्यात.

वर्गाच्या शेवटी ताईंनी कापड चहूकडून मिटवून शवासन करावयास सांगितले आणि हलकाच झोका दिला. इतरांची मने म्हणे शांत झाली. आम्ही चक्क घोरलो. जागे झालो तेव्हा बैठकीची वेळ टळून दहा मिनिटे झाली होती.