रुक्मिणीमातेच्या बापानं हुंडा किती दिला?

मागच्या आषाढीला मुक्कामावर जेवणं उरकल्यावर एका माऊलीनं आम्हाला विचारलं, "बुवा, रुक्मिणीमातेच्या बापानं हुंडा किती दिला हो?" सगळे हसले, आम्हीबी हसलो. पण झोप काही लागली नाही. इतकी वर्षं रुक्मिणी स्वयंवरावर कीर्तन करतो, हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

भागवताच्या दशम स्कंधात ही कथा आहे. विदर्भाच्या भीष्मक राजाची ही लेक. तिचं माहेर कौंडण्यपूर, आजच्या अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीच्या काठी. तिथली पालखी अजून पंढरीला येते. भाऊ रुक्मी यानं शिशुपालाशी सोयरीक ठरवली. तिच्या मनात कृष्ण. तिनं ब्राह्मणाच्या हाती सात श्लोकांचं पत्र द्वारकेला धाडलं, की लग्नाच्या आदल्या दिवशी मी देवीच्या दर्शनाला बाहेर पडेन, तिथून मला घेऊन जा. आणि माझं मोल काय, तर पराक्रम. हुंड्याचं नावच नाही. आज एखाद्या पोरीनं अशी चिठ्ठी धाडली तर आपण तिला काय म्हणू? तिलाच मग राऊळात आई म्हणून ओवाळतो.

मनुस्मृतीत लग्नाचे आठ प्रकार दिलेत. ब्राह्म प्रकारात बाप लेकीला वस्त्र-दागिने घालून चांगल्या मुलाला देतो. हुंड्याचे कैवारी इथंच बोट ठेवतात. पण ते लेणं पोरीच्या अंगावरचं. नवऱ्यानं अमुक मागावं असं तिथं नाही. आसुर प्रकारात नवरा पोरीच्या माणसांना पैसे देतो. त्यावर मनू म्हणतो, बापानं थोडंही घेतलं तरी तो लेकरू विकणारा. बाईच्या धनावर जगणाऱ्या नातलगांनाही त्यानं अधोगती सांगितलीय. बाईला स्वातंत्र्य नाही हेही त्याच ग्रंथात आहे, तेवढं मात्र गावात सगळ्यांना पाठ.

आमच्या आज्याच्या काळी शेतकऱ्यांत देज होतं. पोरगी शेतात राबायची, तिचे हात जाणार म्हणून नवऱ्याकडचे पैसे द्यायचे. पुढं वारं फिरलं. पोरं शिकली, नोकऱ्या लागल्या, तसा देणारा घेणारा झाला. नोकरी नसलेलेही मागायला लागले. १९६१ साली कायदा झाला, हुंडा देणं-घेणं दोन्ही गुन्हा. तरी थांबलं नाही.

दुसऱ्याचं कशाला सांगा. थोरल्याच्या लग्नात आम्ही एक्कावन्न हजार आणि मोटारसायकल घेतली. रीत आहे म्हणालो. व्याह्यांनी त्यापायी एक एकर विकलं हे नंतर कळलं. त्याच साली सप्त्यात आम्ही रुक्मिणी स्वयंवर सांगितलं, आणि व्याही पुढ्यात बसून टाळ्या वाजवत होते.

आता धाकट्याला पोरगी मिळत नाही. तीन एकर बागायत आहे, पण शेतकरी नवरा कुणाला नको. आम्हीच पोरी जन्माला येऊ दिल्या नाहीत, आल्या त्यांच्या बापांना नागवलं, मग कुठून मिळणार? परवा एक मध्यस्थ आला. परमुलखातली पोरगी आणतो, दोन लाख द्या म्हणाला. पोरीचं नाव विचारलं तर त्याला सांगता येईना. आम्ही त्याला चहा पाजून वाटेला लावलं. दोन दिवस घरात आमच्याशी कुणी धड बोललं नाही. धाकटा तर अजून बोलत नाही.