पाकिटावरचं नाव

मी बी.ए. झाले ती पोस्टानं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. बारावी होताच निकाह झाला, पाठोपाठ दोन मुलं. कॉलेज गावापासून तीस किलोमीटरवर. एका दुपारी पोस्टमन खाकी पाकीट घेऊन दारात उभा राहिला. सासूबाईंनी विचारलं, ‘‘किसका है?’’ मी म्हटलं, ‘‘मेरा.’’ लग्नपत्रिकेनंतर माझं नाव छापलेलं मी पाहिलं, ते त्या पाकिटावर!

घरबसल्या शिक्षणाची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र पोचू लागलं आणि आयझॅक पिटमन यांनी टपालानं लघुलिपी शिकवायला घेतली. १८५८ मध्ये लंडन विद्यापीठानं आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या. विद्यार्थी कुठं शिकला, हे विचारणं बंद झालं. पण त्या खुल्या दारातून बायकांना आत जाता येत नव्हतं. त्यांना तिथली पदवी मिळण्यासाठी १८७८ साल उजाडावं लागलं.

आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानं १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केले. देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबादला निघालं. पाठोपाठ १९८५ मध्ये इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे तिथलं ब्रीद.

साधनंही बदलत गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम १९८४ पासून दूरदर्शनवर दिसू लागले. २००४ मध्ये शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडला गेला. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आलं. आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी तर पात्र विद्यापीठांना संपूर्ण पदवी ऑनलाइन देण्याची वाट मोकळी केली. माझी पुस्तकं एकदा परीक्षा झाल्यावर हाती पडली होती. आता धडा क्षणात येतो. ही प्रगती नाही, असं कोण म्हणेल?

पण मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि माझ्या भाचीच्या घरी वेगळंच दिसलं. शिकणारी भावंडं तीन, स्मार्टफोन एक. भाऊ इंजिनिअरिंगला, म्हणून सकाळ त्याची. धाकट्याची शाळा, म्हणून दुपार त्याची. एम.ए. करणाऱ्या भाचीच्या हाती फोन यायचा रात्री अकरानंतर, दिवसाचा डेटा संपल्यावर. कुणी तिला ‘शिकू नकोस’ म्हटलं नाही. तिची पाळी तेवढी आली नाही. त्या वर्षी ती परीक्षेला बसलीच नाही.

तेव्हा मला माझं खाकी पाकीट आठवलं. ते उशिरा यायचं, पण यायचं माझ्या नावानं. दुसऱ्या कुणाला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून कुणी ते मागितलंही नाही. मोबाइल मात्र घराचा असतो. आणि घराच्या वस्तूवर मुलीचा हक्क शेवटचा, हे आपण सगळेच जाणतो.

म्हणून वाटतं, ऑनलाइन वर्ग वाढोत, पण गावातली अभ्यासकेंद्रं बंद होऊ नयेत. ग्रंथालयात एखादा संगणक असावा आणि रोजचा एक तास तिच्या नावानं लिहून ठेवलेला असावा. प्रवेश अर्जात मोबाइल क्रमांक विचारतात. तो मोबाइल दिवसभर कुणाच्या हातात असतो, हेही एकदा विचारावं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)