पेटी मोठी की भोपळा मोठा?

वसईत गिटार हे परके वाद्य राहिलेले नाही. लग्नाच्या मांडवात, चर्चमधल्या गायकवृंदात, शाळेच्या स्नेहसंमेलनात कुठे ना कुठे ती दिसतेच. आठवीच्या वर्गात ध्वनीचा धडा चालू असताना एका मुलाने घरून दोन गिटारी आणल्या, एक लहान, एक चांगलीच पोटफुगी. दोन्हींवर सारख्याच जाडीच्या तारा होत्या, त्या एकाच स्वरात लावल्या होत्या. तरी मोठीचा आवाज भरदार, तर लहानीचा किनरा. "तार तीच, स्वर तोच, मग फरक कसला?" असा त्याचा प्रश्न. "पेटी मोठी म्हणून" असे आम्ही सांगून टाकले. मुलगा गप्प बसला, पण हे उत्तर नव्हे हे आम्हाला त्याच वेळी कळले होते. 'मोठी म्हणून मोठा' हे तर नुसते वर्णन झाले, कारण नव्हे.

आधी तारेकडे पाहू. तार एवढी बारीक असते की ती हवेला ढकलायला जाते आणि हवा तिच्या बाजूने वळसा घालून निघून जाते. स्वरकाटा हातात धरून वाजवा, आवाज जेमतेम ऐकू येतो. त्याचे बूड टेबलावर टेकवा, सगळा वर्ग ऐकतो. तारेचे कंपन घोडीतून रुंद फळीत उतरते आणि फळी पुष्कळ हवा हलवते. गिटारीत आणखी एक गोष्ट आहे. तिच्या पोटातली हवा आणि पुढचे गोल तोंड मिळून एक बाटलीच तयार होते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच ठराविक स्वर निघतो. पाणी ओतून हवा कमी केली की तो चढतो. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी याचे गणित मांडले. तोंड व मान तीच ठेवून आतली हवा चौपट केली तर स्वर निम्म्यावर येतो. गिटारीच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ८२, आणि नेहमीच्या गिटारीच्या पोटातल्या हवेचा स्वर शंभराच्या आसपास. पेटी मोठी केली की हा स्वर खाली सरकतो आणि खर्जातल्या तारांना हवेची साथ जास्त मिळते. मुलाला हवे असलेले उत्तर निम्मे तरी हे आहे. उरलेले निम्मे मोठ्या फळीचे आहे, त्याकडे पुढे येऊ.

अशी मोठी गिटार मुळात कोणाला हवी होती? या वाद्याच्या बाबतीत ती मागणाऱ्याचे नाव सापडते. अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात घोड्यावर बसून गाणाऱ्या गुराख्यांचे चित्रपट जोरात होते. त्यांपैकी रे व्हिटली या गायक-नटाने १९३७ साली कॅलमझू येथील गिब्सन कंपनीकडे आपल्यासाठी खास गिटार मागितली. खर्ज दणदणीत हवा आणि पडद्यावर ती उठून दिसली पाहिजे, असा दुहेरी हेतू. कंपनीने सुमारे १७ इंच रुंदीची पेटी करून दिली. पुढच्याच वर्षी ती 'सुपर जंबो' म्हणून विक्रीला आली. किंमत २०० डॉलर, म्हणून नावातही २०० चा आकडा. 'जंबो' हे नाव तिथून सर्वांच्या तोंडी बसले. एका माणसाच्या आवडीखातर केलेली वस्तू अशी कारखान्याचा नमुना झाली.

आपल्याकडे हा व्यवहार उलट वाटेने गेला. येथे कारखाना आलाच नाही. ज्याला वाद्य हवे त्याने कारागिराच्या ओट्यावर जाऊन बसायचे, आपला स्वर सांगायचा, आणि वाट पाहायची. त्याचे सर्वांत चांगले उदाहरण मिरजेचे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मिरजेत शिकलगार मंडळी तलवारींना धार लावण्याचे व हत्यारे दुरुस्त करण्याचे काम करीत. इंग्रजी अंमल स्थिरावला तसा हत्यारांचा धंदा बसला. संस्थानिक पटवर्धनांच्या दरबारी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची ये-जा होती आणि त्यांची वाद्ये नादुरुस्त होत. ती दुरुस्त करता करता हे कारागीर नवी वाद्ये करू लागले. फरीदसाहेब हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. पुढे घराण्यांनी आडनावच 'सतारमेकर' लावले. हत्याराला पाणी देणारा हात तंबोऱ्याच्या घोडीवर फिरू लागला, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. दोन्हीकडे काम कानशीचे आहे, आणि दोन्हीकडे केसभर जास्त घासले की माल वाया जातो.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. (जंबो गिटारीचे सालही तेच, हा निव्वळ योगायोग.) खाँसाहेबांचा कान एवढा तीक्ष्ण की सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी श्रुतींची मोजणी करताना त्यांच्या गळ्याचा आधार घेतला. देवलांचे बावीस श्रुतींवरचे इंग्रजी पुस्तक १९१० साली निघाले. असा ग्राहक कोपऱ्यावर राहत असेल तर कारागिराला ढिलाई परवडत नाही. मिरजेच्या तंबोऱ्याचा लौकिक वाढला तो लाकडामुळे जेवढा, तेवढाच अशा चोखंदळ गिऱ्हाइकांमुळे, असे आमचे मत आहे.

आता भोपळ्याकडे येऊ, कारण गिटार आणि तंबोरा यांच्यातला खरा भेद तिथे आहे. गिटार करणारा शिसवीच्या दोन-अडीच मिलीमीटर जाडीच्या पट्ट्या ओल्या करून तापलेल्या नळीवर वाकवतो आणि साच्यात बसवतो. साचा सतरा इंचांचा केला की पेटी सतरा इंचांची. तंबोऱ्याचे तसे नाही. त्याचे पोट म्हणजे कडू भोपळा, आणि तो वेलीवर जेवढा होईल तेवढाच. हे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला होतात. फळ वेलीवर पूर्ण पिकवून वाळू द्यायचे, एका बाजूवर पडून ते चपटे होऊ नये म्हणून जपायचे. अवकाळी पाऊस आला की पीक हातचे गेले. कारागीर भोपळा निवडतो, भिजवतो, कापतो, आतला गर काढतो आणि आत काठ्यांचे टेकू देऊन तोंडाचा आकार धरतो. मग त्या भोपळ्याला शोभेल अशी तबली, गळा आणि दांडी तुणीच्या लाकडातून घडवतो. गायकाने साडेचार-पाच फुटी मर्दानी तंबोरा मागितला तरी त्या जोगा भोपळा त्या वर्षी आला नसेल तर थांबणे आले. येथे मागणी गिऱ्हाइकाची खरी, पण माप वेलीचे.

वर्गात एक सावधगिरी घ्यावी. तंबोऱ्याचा भोपळा मोठा म्हणून त्यालाही बाटलीचा नियम लावण्याचा मोह होतो. पण तंबोऱ्याला गिटारीसारखे मोठे तोंड नसते. तिथे मोठ्या भोपळ्याचा मुख्य फायदा असा की त्यावर तबली मोठी बसते, आणि मोठी तबली जास्त हवा हलवते. मघाशी राहिलेले निम्मे उत्तर ते हेच.

आणि तंबोऱ्याचा प्राण भोपळ्यात नाहीच, तो घोडीत आहे. गिटारीची घोडी धारदार कडेची, तार तिथे एकदम सुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उतरती. तार तिच्यावरून निसटत जाते, आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवला की एका ठराविक जागी स्वर फुलतो. यालाच जवारी म्हणतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना या फुलण्याचे कुतूहल वाटले. कलकत्त्याला केलेल्या प्रयोगांवर त्यांनी १९२१ साली एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. जुना नियम असा की तार ज्या बिंदूशी छेडावी, तो ज्या उपस्वरांचा निश्चल बिंदू असेल ते उपस्वर उमटूच नयेत. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट कंपनांचा स्वर गायब हवा. रामन यांना आढळले की तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत. धागा जागेवर असेल तर 'न उमटणारे' उपस्वर स्पष्ट ऐकू येतात आणि धागा काढला की ते जातात. तार कंप पावताना रुंद घोडीला पुन्हा पुन्हा चाटते, आणि त्या स्पर्शातून उपस्वर नव्याने जन्मतात. शिकलगारांच्या कानशीने पिढ्यान् पिढ्या जे साधले होते, ते विज्ञानाच्या पाठ्यनियमात बसत नव्हते. चूक नियमाचीही नव्हती, त्यात धारदार कड गृहीत धरलेली होती एवढेच. शाळेत तंबोरा असेल तर हा प्रयोग जरूर करावा, खर्च एका धाग्याचा आहे.

गिटारीची गोष्ट मात्र आपल्या जंगलापाशी येऊन पुन्हा भेटते. उत्तम गिटारींच्या पाठी व कडा ब्राझीलच्या शिसवीच्या असत. १९६७ साली ब्राझीलने तिचे ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. १८३३ पासून गिटारी करणाऱ्या मार्टिन कंपनीने १९६९ साली भारतीय शिसवी स्वीकारली, आणि हळूहळू सारे जग तिच्याकडे वळले. आपल्या सह्याद्रीतला शिसव असा दूरदेशी गायकांच्या छातीशी जाऊन बसला. १९९२ साली ब्राझीलची जात आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी जवळपास बंद झाली. २०१७ पासून शिसवीच्या सगळ्याच जातींच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले. त्यात वादक आणि कारागीर एवढे अडचणीत आले की २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून वगळावे लागले. शिसव वाढायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. भोपळ्याचे पीक दरसाल घेता येते. वाद्यासाठी कोणता कच्चा माल बरा, यावर वर्गात चांगला वाद घडू शकेल.

कारखान्यांच्या अमेरिकेतही माणसे पुन्हा एकट्या कारागिराच्या ओट्यावर परतली. कॅनडातल्या लिंडा मॅन्झर यांनी १९८४ साली पॅट मेथनी या वादकाच्या सांगण्यावरून ४२ तारांची गिटार करून दिली. जास्तीत जास्त किती तारा बसतील, एवढाच त्याचा प्रश्न होता. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात स्कॉट चिनेरी या संग्राहकाने तर २२ कारागिरांना एकच काम दिले. अठरा इंची, कमानदार पाठीची गिटार करा, रंग सर्वांचा एकच निळा, बाकी तुमची मर्जी. त्या गिटारी पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मांडल्या गेल्या. माप आणि रंग बांधून दिला की फरक उरतो तो हाताचा. प्रयोगात एक गोष्ट सोडून बाकी सारे स्थिर ठेवावे, हे आपण मुलांना सांगतोच. या धनिकाने ते पैशाच्या बळावर केले म्हणायचे.

आपल्याकडे पुण्याला दिनकर केळकरांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंत वाद्यांचे स्वतंत्र दालन आहे. सहल नेल्यास तिथे अर्धा तास जास्त ठेवावा. पण काचेआडच्या तंबोऱ्याची जवारी कोणी लावत नाही. वाजत्या तंबोऱ्याची जवारी तारांच्या घासण्याने बिघडते आणि पुन्हा पुन्हा कारागिराकडे न्यावी लागते. ही बिघडण्याची सोय आहे म्हणून कारागिराची चूल पेटते आणि मुलगा बापाशेजारी बसून कानस धरायला शिकतो. १९७९ साली बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी विजेवर चालणारा तंबोरा बाजारात आणला. तो बिघडत नाही, दमट हवेत उतरत नाही, दप्तरात मावतो. वसईसारख्या खाडीकाठच्या हवेत, जिथे पावसाळ्यात लाकूड फुगून सांधे सुटू लागतात, त्याचे मोल आम्ही जाणतो. आता तर तंबोरा मोबाइलमध्येच असतो. कलाकार आणि शिकाऊ विद्यार्थी दोघांचीही सोय झाली, आणि ओट्यावर येणारी पावले कमी झाली.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचे नाव लावून दुसरीकडचा माल विकता येऊ नये, हा त्याचा उपयोग. जवारी लावणारा हात मात्र मानांकनाने तयार होत नाही, त्याला पाच-सात वर्षे ओट्यावर बसावे लागते.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी दोन बाटल्या, एक स्वरकाटा आणि शिवणाचा धागा आणायला सांगितला. दोन्ही गिटारी त्याने पुन्हा आणल्या. मोठीच्या घोडीपाशी तारेखाली धागा सरकवून पाहिला. धारदार कडेवर काहीच फुलले नाही, आवाज उलट दबला. "मग घोडी रुंद करून बघू का?" असे तो विचारू लागला. गिटार त्याच्या काकांची होती, म्हणून कानस आम्ही काढून घेतली. लाकडाच्या टाकाऊ तुकड्यावर एक तार ताणून तो आता रुंद घोडी घासत बसला आहे.