शर्मा, राकेश

शर्मा, राकेश : (१३ जानेवारी १९४९– ). भारतीय हवाई दलातील लढाऊ वैमानिक, चाचणी-वैमानिक आणि अंतराळात गेलेले पहिले भारतीय. जन्म पतियाळा येथे, शिक्षण हैदराबादला. १९६६ मध्ये ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झाले आणि १९७० मध्ये हवाई दलात अधिकारी झाले. वर्षभरात बांगलादेश युद्ध पेटले. बावीस वर्षांच्या शर्मा यांनी त्यात मिग-२१ विमानातून २१ मोहिमा केल्या.

१९८२ मध्ये भारत-सोव्हिएट संयुक्त अंतराळ मोहिमेसाठी त्यांची व रवीश मल्होत्रा यांची निवड झाली. बंदिस्त जागेची भीती वाटते का, हे पाहण्यासाठी बंगळूरला त्यांना कृत्रिम प्रकाशाच्या खोलीत ७२ तास कोंडून ठेवले होते. पुढचे प्रशिक्षण मॉस्कोजवळच्या स्टार सिटीत झाले. तिथला सगळा व्यवहार रशियनमध्ये, त्यामुळे आधी ती भाषा शिकावी लागली. ३ एप्रिल १९८४ रोजी यूरी मालिशेव्ह व गेन्नादी स्त्रेकालोव्ह यांच्यासह सोयूझ टी-११ यानातून शर्मा बैकानूरहून निघाले. मल्होत्रा राखीव अंतराळवीर होते. साल्यूत-७ स्थानकावर त्यांनी भारतभूमीची छायाचित्रे घेतली आणि वजनरहित अवस्थेत योगासनांचा शरीराला काही उपयोग होतो का, हे स्वतःवर तपासले. ७ दिवस २१ तास ४० मिनिटांनी, ११ एप्रिलला, ते कझाकस्तानात उतरले. भारताने तिघांनाही अशोकचक्र दिले. शर्मा यांना ‘सोव्हिएट संघाचा वीर’ हा किताबही मिळाला.

विंग कमांडर या हुद्द्यावरून सेवानिवृत्त होऊन १९८७ मध्ये ते हिंदुस्थान एअरोनॉटिक्समध्ये आले. १९९२ पर्यंत नाशिकजवळच्या ओझर कारखान्याचे ते मुख्य चाचणी-वैमानिक होते. त्या काळात मिग-२७ ओझरला तयार होत होते. कारखान्यातून बाहेर पडलेले विमान स्क्वॉड्रनच्या हाती जाण्यापूर्वी चाचणी-वैमानिक ते कमी वेगात आणि कमाल वेगात उडवतो, उंचावर नेऊन इंजिनाची परीक्षा घेतो, आढळलेले दोष नोंदवून विमान पुन्हा दुरुस्तीला पाठवतो. एखादा दोष नजरेतून निसटला, तर त्याची किंमत नंतर एखाद्या तरुण वैमानिकाला मोजावी लागते. या कामात जीव रोज पणाला लागतो. ओझर परिसरात मिग-२१ची चाचणी घेत असताना शर्मा यांच्यावर इजेक्शन सीटने बाहेर पडण्याची वेळ आली आणि ते थोडक्यात बचावले. त्यानंतरही त्यांनी उड्डाण सोडले नाही. पुढे बंगळूरला मुख्य चाचणी-वैमानिक म्हणून काम करून २००१ मध्ये ते चाचणी-उड्डाणातून निवृत्त झाले.

अंतराळातले आठ दिवस देशाने उदंड साजरे केले, ते योग्यच होते. मात्र ओझर-बंगळूरच्या चौदा वर्षांची दखल फारच थोड्यांनी घेतली. वैमानिक म्हणून शर्मा यांचे मोठेपण ठरवताना त्या वर्षांना अधिक वजन द्यायला हवे. महाराष्ट्राने तर ते आवर्जून द्यावे, कारण त्यांच्या सैनिकी शिक्षणाचा आरंभ आणि निवृत्तीनंतरच्या कामाची पहिली पाच वर्षे याच भूमीवरची आहेत.

नंतर ते पत्नी मधू यांच्यासह निलगिरीतील कुन्नूरला स्थायिक झाले. हवाई दलाचेच चाचणी-वैमानिक शुभांशू शुक्ला यांनी २५ जून २०२५ रोजी उड्डाण करेपर्यंत, म्हणजे ४१ वर्षे, शर्मा हे पृथ्वीभोवतीच्या कक्षेत गेलेले एकमेव भारतीय नागरिक होते.