सांताक्रूझ, १२ ऑक्टोबर १९७६

पंढरपुरातून उमऱ्याला किंवा आखातात नोकरीला जाणारे बहुतेक जण मुंबईला विमानात बसतात. चाके फिरू लागली की ओठांवर दुआ येते. त्याच वेळी वैमानिकाचे लक्ष एका ठरावीक वेगाकडे असते. त्याला ‘व्ही-वन’ म्हणतात. त्याआधी इंजिन बिघडले तर ब्रेक दाबून थांबायचे. तो ओलांडल्यावर थांबायला धावपट्टी पुरत नाही. मग उरलेल्या इंजिनावर उडायचे आणि फेरी मारून परत उतरायचे.

१९७६ च्या त्या रात्री मद्रासला निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या कॅराव्हेलचे इंजिन जमीन सुटल्यावर लगेच फुटले. वैमानिक परत फिरले. पण इंजिन नुसते बंद पडले नव्हते. कॉम्प्रेसरच्या दहाव्या टप्प्याच्या चकतीत धातू थकून चीर गेली होती. चकतीच्या फुटण्याने इंधनाच्या नळ्या तुटल्या, आग लागली. कॅराव्हेलची नियंत्रणे हायड्रॉलिक तेलाच्या दाबावर चालत. आगीत ते तेल संपले आणि विमान हातातून गेले. ९५ पैकी कुणी वाचले नाही. त्यात मल्याळी नटी राणी चंद्राही होती.

‘नसीब में लिखा था’ हे मयतीच्या घरी ठीक, त्याने धीर येतो. चौकशीत ते चालत नाही. एक इंजिन गेले तरी बाकीचे विमान शाबूत राहील, हे वैमानिकाच्या नियमात गृहीतच धरलेले असते. चकतीतली चीर वैमानिकाला दिसत नाही. ती शोधायची जागा वर्कशॉप.